बिनधुराची नायफा

ऐन झारूर हे गाव डोंगरात इतकं उंचावर आहे की तिथे बर्फ आधी पोचतो आणि बातमी मागून, असं खालच्या गावातले लोक म्हणतात. वरचे म्हणतात, बातमी खालून यायची गरजच काय? आमची आम्ही तयार करतो. बऱ्याचशा बातम्या तयार व्हायच्या त्या इम्म शकीबच्या, म्हणजे शकीबच्या आईच्या, खिडकीत. आणि ही खिडकी उघडायची नेमकी नायफाच्या छपरासमोर.

त्या वर्षी डिझेलला सोन्याचा भाव आला. डिझेलवर चालणाऱ्या शेगड्या लोकांनी कोठीत ढकलल्या आणि आजोबांच्या काळातल्या लाकडाच्या लोखंडी शेगड्या बाहेर काढल्या. शेगड्या सापडल्या, धुराड्यांचे पाइपही सापडले, पण त्या पेटवायची अक्कल आजोबांबरोबरच गेलेली. डिसेंबर लागला तसं गावावर धुराचं असं झाकण बसलं की समोरच्या माणसाला खोकल्यावरून ओळखावं लागे.

एकटी नायफा ओळखू यायची नाही, कारण ती खोकतच नव्हती.

नायफा सहासष्ट वर्षांची. उंच, काटकुळी, आणि डावी भुवई कायम वर चढलेली, जणू समोरच्याने आत्ताच काही थाप मारली आहे. तिचा बाप पत्र्याचा कारागीर. त्याला मुलगा नव्हता, म्हणून गाव त्याला लेकीच्या नावाने अबू नायफा, म्हणजे नायफाचा बाप, म्हणायचं. सुरुवातीला चिडवायला म्हणायचं, पण त्याने ते नाव इतकं मिरवलं की चिडवणारे थकले. अर्ध्या खोऱ्यातल्या शेगड्या त्याच्या हातच्या. अकरा वर्षांची असताना नायफाने शाळेच्या धुराड्यात ओलं पोतं कोंबलं. वर्ग धुराने भरला, मास्तर डोळे पुसत बाहेर आले आणि शाळा तीन दिवस बंद राहिली. बापाने मारलं नाही. त्याने तिच्या हातात तारेचा ब्रश दिला आणि सांगितलं, "या हिवाळ्यात गावातलं एकूण एक धुराडं तू साफ करायचंस." पोरगी हिवाळाभर काळी ठिक्कर होऊन फिरली आणि वसंतात बाहेर आली ती आगीची सगळी नस ओळखूनच. पुढे फंदी नावाच्या बस ड्रायव्हरशी लग्न झालं, एक मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन पार काराकासला गेली, फंदी सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेला. शेगडी मात्र बापाचीच राहिली.

ऑक्टोबरात ती सहज म्हणून अबू अज्जाजच्या वखारीवर गेली होती. अबू अज्जाज म्हणजे पोट, मिशी आणि आवाज, याच क्रमाने आत येणारा माणूस. तो ओकचं सरपण विकत होता आणि ओरडत होता, "दोन उन्हाळे वाळलेलं! काडी लावायच्या आधी पेटतं!"

नायफाने दोन ढलप्या उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. आवाज आला थप्प.

"वाळलेलं लाकूड टण्ण वाजतं, अबू अज्जाज. हे तर ओल्या चपलेसारखं वाजतंय."

"लाकूड आहे ते, तारा लावलेलं उद नाही. वाजवायचं नसतं, जाळायचं असतं."

"बरं, साबण आण."

"साबण?"

गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी हौसेने साबणाचा तुकडा आणून दिला. नायफाने ढलपीच्या एका टोकाला साबणाचा फेस चोपडला आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकलं. लाकूड आतून वाळलेलं असलं की त्याच्या शिरांमधून हवा पलीकडे जाते आणि बुडबुडे येतात. इथे एकही आला नाही. नायफाचे गाल तेवढे फुगले.

"पाहिलंत?" ती म्हणाली.

"पाहिलं," अबू अज्जाज म्हणाला. "नायफा, तुझ्या छातीत दम उरला नाही, त्यात माझ्या लाकडाचा काय दोष?"

लोक खो खो हसले. इम्म शकीब तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पत्रेवाल्याची पोर आता लाकडात बासरी वाजवणार!" असं म्हणून तिने त्याच ढिगातलं ट्रॅक्टरभर लाकूड घरी नेलं. नायफाने ढलप्या परत ढिगावर टाकल्या. भुवई मात्र आणखी थोडी वर गेली.

तिच्या स्वतःच्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीला दोन उन्हाळ्यांपूर्वीची रास लागलेली होती: वादळात पडलेला एक ओक आणि सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या. मनगटाएवढ्या फोडलेल्या, जमिनीपासून वीतभर उंच, वरून पत्रा, बाजूंनी वारा मोकळा. सकाळी ती शेगडीत जाड लाकडं खाली ठेवायची, त्यावर बारीक काटक्या, सगळ्यात वर पाइनचं एक बोंड, आणि काडी लावायची ती वरच्या बोंडाला. आग मेणबत्तीसारखी वरून खाली उतरायची. खालून निघणारा धूर ज्वाळेतून जाताजाताच जळून जायचा. हवेची खिटी सुरुवातीला सताड उघडी, ज्वाळा धरली की अर्धी. दोन तास खणखणीत आग, मग निखारे, मग तापलेलं लोखंड आणि जाड दगडी भिंती संध्याकाळपर्यंत ऊब सोडत राहायच्या. संध्याकाळी पुन्हा एकदा तेच. धुराड्यावर पाहिलं तर हवा थोडी थरथरताना दिसायची, तीही नीट पाहिलं तर.

इम्म शकीबने नीट पाहिलं नाही. तिने फक्त पाहिलं.

चार दिवस तिने पाहिलं आणि पाचव्या दिवशी गावाला सांगितलं, "नायफाच्या धुराड्यातून धूर नाही! बाईकडे जाळायला काडी नाही. मानी आहे, मागणार नाही, पण गारठून मरेल."

त्या सकाळी नायफा गच्चीवर गालिचे झटकत होती. त्यासाठी खिडक्या सताड उघड्या, अंगावर फंदीचा जुना ओव्हरकोट, नाक लाल. शेगडीतली सकाळची आग नुकतीच निवलेली. ती खाली उतरली तेव्हा इम्म शकीब दारात उभी. एका हातात सरपणाची मोळी, दुसऱ्या हातात चरबीत मुरवलेल्या मटणाची बरणी. असं मटण साऱ्या गावात इम्म शकीबसारखं कुणालाच जमायचं नाही, आणि ती ते कुणाला द्यायचीही नाही.

"अगं बाई, केवढं गार घर हे!" इम्म शकीब कळवळली. "नायफा, मला आधी का नाही सांगितलंस?"

नायफाने खरं सांगायला तोंड उघडलं. मग तिची नजर बरणीवर गेली. तिने तोंड मिटलं, कोटाची कॉलर वर केली आणि हळूच खोकली.

"काय सांगायचं, इम्म शकीब," ती म्हणाली. "चाललंय."

खोटं एक अक्षर नव्हतं. चाललं होतंच.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कुणी मोळी आणली, कुणी द्राक्षाचा काकवीसारखा पाक, कुणी सुकवलेले अंजीर. नायफाला लवकरच सराव झाला. गल्लीत पावलं वाजली की खिडक्या उघडायच्या, कोट चढवायचा, पायांवर शाल घ्यायची, शेगडीवरची किटली कपाटात सरकवायची. पाहुणा गेला की खिडक्या बंद, कोट खुंटीला, आणि बाईसाहेब बिनबाह्यांच्या सुती झग्यात अनवाणी, कडू माते-चहाच्या छोट्या भोपळ्यातली नळी तोंडात धरून खुर्चीत रेललेल्या.

अबू अज्जाजही आला. एकटा नाही, चार माणसं साक्षीला घेऊन. त्याने मोळी दारात ठेवली आणि भाषण केलं. "झालं गेलं विसर, नायफा. माझ्या लाकडाला तू नावं ठेवलीस, तरी माझं मन मोठं आहे. हे घे, दोन उन्हाळे वाळलेलं."

"देव तुझं भलं करो," नायफा शालीत तोंड लपवून म्हणाली. तिचे खांदे हलत होते. बाईला रडू आवरत नाही असं चौघांना वाटलं आणि त्यांनी माना खाली घातल्या.

आलेलं एकही लाकूड तिने जाळलं नाही. जाळण्याच्या लायकीचं ते नव्हतंच. तिने सगळं बारीक फोडलं, उत्तरेच्या पडवीत वारा लागेल असं रचलं आणि प्रत्येक राशीवर खडूने देणाऱ्याचं नाव टाकलं. का, ते तिलाही तेव्हा नीट ठाऊक नसावं. खोडी काढताना माणूस पुढचा विचार करत नाही. पण फुकटचं लाकूड भिजत ठेवणं तिच्या हाताला जमलं नसतं.

बोच लागली ती एकदाच, शेख सलीमने लावली. शेख सलीम गल्लीच्या टोकाला राहायचा, ऐंशी वर्षांचा, जाड चष्म्याचा, स्वतःच्याच घरात चार काटक्या जपून जाळणारा. तो काठी टेकत आला आणि सफरचंदाच्या दहा-बारा फांद्या ठेवून गेला. नायफाने दोन फांद्या सहज एकमेकींवर आपटल्या. टण्ण! गावातून आलेलं एकमेव वाळलेलं लाकूड, आणि तेही ज्याच्याकडे कमी होतं त्याचं.

त्या दिवशी तिला मटण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने त्या फांद्या, वर आपल्या राशीतलं थोडं ओक आणि पाकाची एक बरणी, असं सगळं गुपचूप शेखच्या दारात नेऊन ठेवलं. दुपारी शेख पुन्हा हजर.

"नायफा बेटी, चमत्कार झाला! कुणीतरी पुण्यवान माझ्या दारात लाकूड ठेवून गेलं. मी म्हटलं, माझ्यापेक्षा गरज तुला." आणि त्याने सगळं, अगदी पाकाच्या बरणीसकट, तिच्या पुढ्यात ठेवलं.

नायफाने ते परत नेऊन ठेवलं. शेखने ते परत आणलं. तिसऱ्या फेरीला बर्फातून धापा टाकत आलेल्या म्हाताऱ्याला पाहून तिचा धीर सुटला.

"शेख, बसा," ती म्हणाली आणि खिडक्या लावून घेतल्या. "तुम्हाला एक सांगते, पण हसायचं नाही."

शेख सलीम हसला नाही. तो शेगडीपाशी बसला, पाय पसरले, माते-चहाचा भोपळा दोनदा रिकामा केला आणि म्हणाला, "पाप आहे हे, बेटी. मोठं पाप." मग थोडा विचार करून, "मटण उरलंय का?"

तेव्हापासून तो रोज यायचा, रोज तिला पापाची आठवण करून द्यायचा आणि जेवून जायचा. त्याच्या घरची आगही आता नायफा जाऊन पेटवून द्यायची, वरून खाली.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी शेख असाच तिच्याकडे बसला होता. त्याच्यासाठी दुपारीच पेटवलेल्या शेगडीच्या माथ्यावर चेस्टनट फुटत होते, कढईत मटण आणि अंडी. तेवढ्यात बाहेरून आवाज आला: जड बस चढाला लागल्यावर येतो तसा घर्रर्र. फंदीची बायको तो आवाज ओळखत होती. पण या गल्लीतून बस जात नव्हती.

ती खिडकीकडे धावली. इम्म शकीबच्या धुराड्यातून हातभर ज्वाळा निघत होती. दोन महिने ओलं ओक धुमसून धुमसून पाइपात काजळीचा जो डिंकासारखा थर बसला होता, त्यानेच पेट घेतला होता.

नायफा होती तशी पळाली. बिनबाह्यांचा झगा, उघड्या पिंढऱ्या, पायांत लाकडी खडावा, आणि खाली गुडघाभर बर्फ. गल्लीत सगळा गाव जमा झालेला. इम्म शकीब छाती बडवत होती. अबू अज्जाज पाण्याची बादली घेऊन शिडीला लागला होता.

"खाली उतर!" नायफा ओरडली. "त्या लाल लोखंडावर पाणी ओतलंस तर पाइप फुटेल आणि आग घरात येईल!"

"मग काय फुंकर मारू?"

"तुझ्या छातीत दम आहे, माहितेय मला! उतर आधी!"

तो उतरला. नायफाने घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकटी आत गेली. शेगडीचं दार घट्ट लावलं, हवेची खिटी ठोकून बंद केली, राखेच्या कप्प्याच्या फटीत ओलं फडकं दाबलं. हवाच मिळाली नाही तर आग कशावर जगणार? तिने छताच्या तुळईला हात लावून पाहिला, गरम होती पण जळत नव्हती. पाइप थरथरत होता. बाप म्हणायचा, अशा वेळी काही करू नये, फक्त दाराकडे तोंड करून उभं राहावं. ती तशीच उभी राहिली. घर्रर्र आवाज हळूहळू सुस्काऱ्यावर आला, सुस्कारा शिट्टीवर, आणि मग काहीच नाही.

ती बाहेर आली तेव्हा इम्म शकीबने तिच्या गळ्यात मिठी मारली. मग ती थबकली. मागे सरकली. नायफाच्या उघड्या दंडांतून थंडीत वाफा निघत होत्या.

"नायफा," इम्म शकीब सावकाश म्हणाली, "तुला घाम आलाय."

"पळत आले ना."

"बिनबाह्यांच्या झग्यात? तू तर घरातसुद्धा कोट घालून बसतेस!"

सगळ्या गल्लीने नायफाकडे पाहिलं. मग सगळ्या गल्लीने तिच्या धुराड्याकडे पाहिलं. निळं आभाळ, स्वच्छ. मग सगळे तिच्या दाराकडे निघाले, पुढे इम्म शकीब.

दार उघडलं आणि ऊब अशी अंगावर आली की पहिल्या ओळीतल्यांनी शाली सोडल्या. शेगडीच्या दाराला लावलेल्या काचेतून पिवळीधमक आग दिसत होती. शेगडीशेजारी शेख सलीम, कढईतलं शेवटचं अंडं रोटीने पुसत.

"हे माझं मटण आहे!" इम्म शकीब किंचाळली.

"होतं," शेख म्हणाला.

मग जो कल्ला झाला तो खालच्या गावात ऐकू गेला म्हणतात. भामटी! ढोंगी! आम्ही पोटाला चिमटा काढून मोळ्या दिल्या! नायफाने सगळं ऐकून घेतलं. मान खाली घालून, आणि या वेळी खांदे हलत नव्हते. मग ती म्हणाली, "पडवीत या."

पडवीत राशी होत्या. खडूने लिहिलेली नावं. प्रत्येकाने आपापली रास पाहिली आणि आवाज कमी झाला.

"एक काडी जाळली नाही मी तुमची," नायफा म्हणाली. "तुमच्याकडे असती तर इम्म शकीबसारखीच तुमची धुराडी पेटली असती. आत्ता ओलं आहे, पुढच्या हिवाळ्यात घेऊन जा, तेव्हा जळेल. मटण मात्र खाल्लं. अंजीरही. त्याची माफी मागते. अंजिरांची थोडी कमी, किडके होते."

कुणीतरी हसलं. इम्म शकीब हसू दाबायला गेली आणि तिला खोकला आला.

"पण ओलं कसं?" मागून कुणीतरी विचारलं. "दोन उन्हाळे वाळलेलं म्हणून दिलं याने!"

अबू अज्जाज तोवर दारापर्यंत पोचला होता. नायफाने त्याला हाताला धरून परत आणलं, शेगडीसमोर मानाच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्याच नावाच्या राशीतला, फोडायचा राहिलेला एक ओंडका आगीत ठेवला.

सगळे वाकून ओंडक्याकडे बघू लागले. मग ओंडका सुसूऽऽ करू लागला. त्याच्या कापलेल्या टोकांतून पाणी फेसाळत बाहेर आलं. पिवळी आग लाल झाली, लालची करडी झाली, काच काळी पडली.

"बुडबुडे आले की!" शेख सलीम चष्मा पुसत म्हणाला. "त्या दिवशी उगाच साबण वाया घालवलास, बेटी."

"मलाही जंगलवाल्याने फसवलं," अबू अज्जाज पुटपुटला.

"जंगल तुझ्या मेहुण्याचं आहे," इम्म शकीब म्हणाली. तिच्या खिडकीतून तेही दिसायचं.

दुसऱ्या दिवशी अबू अज्जाजने वखारीवर नवी पाटी लावली: 'पुढच्या वर्षीचं लाकूड'. लोकांनी ते घेतलंही, कारण आता ते फोडून, वारा खेळता ठेवून कसं रचायचं हे त्यांना कळलं होतं. उरलेला हिवाळा नायफाच्या दक्षिणेच्या भिंतीलगतच्या राशीवर आणि दाटीवाटीवर निघाला. एका घरात शेगडी, चार घरांची माणसं. भांडणं झाली, दोन लग्नंही ठरली. शेख सलीमला बोलावणी इतकी आली की त्याने स्वतःच्या घराला कुलूपच लावलं.

इम्म शकीब नायफाशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी नायफा एक वापरलेला पण धड पाइप घेऊन तिच्याकडे गेली. तिने जळका पाइप उतरवला, आणलेला बसवला, सांधे मातीने लिंपले. मग इम्म शकीबला खाली बसवून तिच्याच हाताने वरचं बोंड पेटवायला लावलं. आग खाली उतरताना दोघी बघत राहिल्या.

"उलटी आग," इम्म शकीब म्हणाली. "तुझ्यासारखीच." आणि उठून मटणाची नवी बरणी काढली. "इथेच बसून खायचं. घरी न्यायचं नाही."

वसंतात नायफाने बापाचा तारेचा ब्रश काढला. एवढी धुराडी एकटीला झेपेनात, म्हणून इम्म शकीब मदतीला आली. खरं तर ती आली घरं आतून पाहायला, पण शिडी चांगली धरायची. दोघी छपराछपरावरून भांडत फिरायच्या. शेवटी राहिलं अबू अज्जाजचं घर. त्याच्या पाइपातली काजळी खरवडायला सकाळ गेली. मग खालून, शेगडीचा पाइप सोडवलेल्या भोकातून, त्याचा घुमणारा आवाज आला.

"झालं का साफ?"

नायफाने ब्रश मधेच थांबवला; खरवडलेली काजळी अजून ब्रशाखाली तुंबलेली होती. इम्म शकीबने तिच्याकडे पाहिलं. तिचीही भुवई आता तशी वर जायला लागली होती.

"झालंच आहे," इम्म शकीब धुराड्यात वाकून गोड आवाजात म्हणाली. "आभाळ दिसतंय का बघ जरा. नाही, असं नाही, तोंड पूर्ण आत घालून बघ."

"नाही दिसत काही."

"डोळे मोठे उघड," नायफा म्हणाली आणि दोन्ही हातांनी ब्रश खाली दाबला.